दुसरी चावी कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी जेवण उरकून आम्ही जरा पाठ टेकली होती, तोच भाच्याचा फोन आला. "जयभीम मामा. मांडव्याला अडकलोय. चावी पाण्यात गेली."

भाचा कुर्ल्याला राहतो आणि टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी स्वतःची, म्हणजे अर्धी त्याची आणि अर्धी फायनान्सवाल्याची. त्या दिवशी एका कुटुंबाला घेऊन तो अलिबागला गेला होता. परतताना मंडळींना मांडव्याचा धक्का पाहायचा होता. त्यांच्या लहान मुलाला लाँच दाखवायला हा कठड्यावरून वाकला आणि शर्टाच्या वरच्या खिशातली चावी निसटून थेट समुद्रात पडली. मंडळी तासभर थांबली, मग लाँच पकडून गेटवेला निघून गेली. भाडे दिले ते अर्धेच. त्यांना तरी काय बोलणार?

आम्ही म्हटले, "घाबरू नकोस. घरची दुसरी चावी घेऊन कुणाला तरी पाठवतो."

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मामा, दुसरी चावी नाहीच आपल्याकडे. तुम्हीच होता की त्या दिवशी."

खरेच होतो. जुनी गाडी घेताना व्यवहाराला चार माणसे असावीत म्हणून ताईने आम्हाला बोलावले होते. विकणारा म्हणाला, एक चावी हरवली आहे, त्याबद्दल हजार रुपये कमी द्या. आम्ही इंजिन ऐकले, टायर पाहिले, आर.सी. बुक वाचले आणि हजार रुपये सुटले म्हणून खूश होऊन मान डोलावली. चावीचे काय, बाजारात पन्नास रुपयांत होते, असे वर आम्हीच बोललो होतो. वाचकहो, हा लेख लिहायचे कारण ते वाक्य आहे.

संध्याकाळी अलिबागहून एक चावीवाला आला. माणूस कसबी. दाराच्या कुलपात कोरी चावी घालून, खुणा पाहून कानशीने घासत त्याने तासाभरात चावी तयार केली. दार उघडले. स्टिअरिंगचे लॉक सुटले. भाच्याने सेल्फ मारला, इंजिनाने क्षणभर पकडले आणि बंद पडले. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मीटरच्या काचेत चावीच्या आकाराचा एक दिवा लुकलुकत होता. चावीवाल्याने तो पाहिला आणि अवजारे पिशवीत भरली. म्हणाला, "चिपची गाडी आहे भाऊ. माझ्या चावीने दार उघडेल, गाडी चालणार नाही." मेहनतीचे पैसे मात्र त्याने घेतले आणि ते योग्यच होते, कारण स्टिअरिंग सुटले म्हणूनच गाडीला टोचन लावता आले.

आता ही चिप म्हणजे काय ते पाहू. चावीच्या वरच्या, प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी एक वस्तू बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. चावी जिथे घालतो त्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की वेटोळ्यातून प्रवाह जातो आणि तेवढ्या जवळून मिळणाऱ्या शक्तीवर चिप जागी होते. जुन्या पद्धतीत ती आपला ठरलेला क्रमांक सांगते. नव्या पद्धतीत गाडीचा संगणक तिला दर वेळी वेगळा प्रश्न घालतो आणि तिने त्याचे बरोबर उत्तर द्यायचे असते. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, तर संगणक पेट्रोल व ठिणगी तोडतो. या सगळ्या व्यवस्थेला इम्मोबिलायझर म्हणतात. गिरणीच्या दारावर पास पाहणारा पहारेकरी असे, तसाच हा. चेहरा ओळखीचा असला तरी पास नाही तर आत नाही.

यावरून दोन-तीन गोष्टी ध्यानात येतील. रिमोटचा सेल संपला तर बटणाने दार उघडणार नाही, पण चावी घालून चालू करायची गाडी चालू होईल, कारण चिपला सेलशी देणेघेणे नाही. बऱ्याच गाड्यांबरोबर एक बटणाची आणि एक साधी दिसणारी चावी मिळते. त्या साध्या चावीतही चिप असते, ती बिनकामाची समजून पोरांना खेळायला देऊ नये. आणि दोन चिपच्या चाव्या एकाच कड्यात अडकवू नयेत. दोघी एकदम बोलू लागल्या तर कधी कधी गाडीला कुणाचेच ऐकू येत नाही.

पूर्वी हे काही नव्हते. प्रीमियर पद्मिनीचे कुलूप जुने झाले की दुसऱ्याच टॅक्सीची चावी त्याला चालते, असे आमच्या ओळखीचे टॅक्सीवाले हसून सांगत. त्या टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. चोरांना असे दिवस फार सोयीचे होते. म्हणूनच युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इम्मोबिलायझर सक्तीचा झाला, कॅनडात 2007 पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती आणि त्याचे फळ तिथल्या लोकांना मिळाले. 2015 सालच्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांना इम्मोबिलायझर होता, पण तिथे विकल्या गेलेल्या ह्युंदाई व कियाच्या फक्त 26 टक्के गाड्यांना होता. 2021 नंतर पोरासोरांनी मोबाईलवर चोरीचे व्हिडिओ पसरवले आणि स्टिअरिंगखालचे झाकण काढून मोबाईलच्या चार्जिंगच्या वायरीने या गाड्या पळवल्या जाऊ लागल्या. शेवटी 2023 मध्ये कंपन्यांना सुमारे 83 लाख गाड्यांसाठी फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली. तांदळाच्या दाण्याची किंमत ही अशी.

अर्थात चिप म्हणजे वज्रलेप नव्हे. 2005 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळी लाखो चाव्यांत असलेल्या एका चिपचे कोडे फोडून दाखवले होते. शिकलेला चोर आजही वाट काढतो. पण ज्याची चावी समुद्रात गेली आहे त्या मालकाला मात्र वाट मिळत नाही, ही यातली गंमत.

भाच्याची गाडी टोचन करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथे विचारले, एक तरी चालू चावी आहे का? असती तर दुसरी चावी गाडीला ओळखवून देणे थोड्या वेळाचे काम होते. एकही नसली की गोष्ट बदलते. आधी गाडी तुमचीच आहे हे दाखवा, आर.सी. बुक, आधार कार्ड, फायनान्सचा कागद. मग कंपनीकडून चावी मागवा, गाडीचा गुप्त क्रमांक मागवा. नव्या गाडीच्या चाव्यांसोबत बऱ्याचदा क्रमांक कोरलेली पत्र्याची एक छोटी पट्टी मिळते. ती जवळ असती तरी काम हलके झाले असते. ती पहिल्या मालकाने कुठे टाकली कोण जाणे. एकूण नऊ दिवस गाडी उभी राहिली. लग्नसराईचे नऊ दिवस. त्या महिन्याचा हप्ता आम्ही भरला.

वर्कशॉपमधल्या एका मुलाने मात्र शहाणपणाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, समुद्रातली चावी सोडा. जी चावी पहिल्या मालकाने हरवली म्हणून सांगितले, ती कुणाकडे आहे?" आमच्या अंगावर काटा आला. दोन वर्षे गाडी रात्री गल्लीत उभी असे. त्या मुलाने संगणकाच्या आठवणीतून जुन्या सगळ्या चाव्या पुसल्या आणि नव्या दोनच चाव्या शिकवल्या. आता जुनी चावी कुणाला सापडलीच तर दार उघडेल, गाडी हलणार नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात करून घ्यावे. आणि व्यवहाराच्या कागदावर चाव्या किती मिळाल्या ते लिहून घ्यावे, दोन्हींनी गाडी चालू करून पाहावी.

विम्याचीही गोष्ट आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पोलिसांच्या कागदांबरोबर दोन्ही चाव्या मागते. एकच दिली की प्रश्न येतो, दुसरी गाडीतच विसरला होता का? म्हणून चावी हरवली तर त्याच वेळी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी व विमा कंपनीला लेखी कळवावे. गाडी चोरीला गेल्यास तक्रार त्याच दिवशी. 2020 साली एका ट्रॅक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की, पोलिसांत तक्रार ताबडतोब केली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही. पण चाव्यांचा हिशेब तुमचा तुम्हालाच द्यावा लागतो.

दुसरी चावी गाडीच्या कप्प्यात ठेवू नये हे सांगायला नकोच. ड्रायव्हरच्या खिशातही नको. भाच्याची दुसरी चावी आता ताईकडे असते. तिने ती तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात म्हणून चावीही तिथे बरी, असे तिचे म्हणणे. परवा तिचा फोन आला होता. डबा सुनेने घासायला काढला, तांदूळ पिशवीत ओतले, आणि पिशवी कुणाला दिली ते आठवत नाही. आम्ही रिक्षा पकडून कुर्ल्याला गेलो. चावी शेजारच्या घरी, चुलीवर चढण्याच्या बेतात असलेल्या भातात सापडली. पुसून सेल्फ मारला, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.