पाकिटावरची तारीख पुरेशी नाही

उन्हाळ्यात आदिलाबादहून गोठवलेल्या वटाण्याचं पाकीट आणता ना? तारीख बघून घेता, ते बरोबरच. पण ती तारीख उणे 18 अंशांत अखंड ठेवलेल्या मालाची असते. मध्ये थंडी तुटली, तर तिचा भरवसा धरू नका.

म्हणून पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे सुटे वाजले तर घ्या. सगळ्याचं एकच ढेकूळ झालं असेल, आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर तो माल बहुधा एकदा वितळून पुन्हा गोठलाय. परत ठेवा. दुकानदारालाही सांगा, रात्री फ्रीजर बंद करू नका म्हणावं.

बाजारात गोठवलेलं पाकीट सगळ्यात शेवटी घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. जाड कापडात गुंडाळा आणि थेट आपलं गाव, तलमडुगू गाठा.

घरात एका दाराचा फ्रीज असेल, तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात उणे 18 इतकी थंडी बहुधा नसते. पाकिटावर वर्षभराची मुदत असली तरी दोन-तीन आठवड्यांत संपवा.

लाईट गेली की दार उघडूच नका. मोठा, गच्च भरलेला फ्रीजर बंद दारानं साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. छोट्या कप्प्याचं तसं नाही, काही तासच. गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर सगळं वितळलं होतं. टाकून द्या. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, पण लेकरं आजारी पडली तर त्याहून जास्त जातील.

वासावर जाऊ नका. बिघडलेल्या मालाला दरवेळी वास येत नाही. पांढरे, कोरडे डाग पडले असतील तर चव गेली एवढंच, खायला हरकत नाही.

कच्चं मात्र खाऊ नका. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. 2018 साली युरोपात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरल्याचं उघड झालं. माणसं दगावली होती. मका, वटाणा नीट शिजवूनच वाढा.

हिवाळ्यात वटाणा स्वस्त असतो, तेव्हा घरीच गोठवा. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात. कोरडे करून एका वेळच्या भाजीपुरत्या लहान पिशव्या भरा, तारीख लिहा.