फोटोशॉपला मोफत पर्याय कोणता? गिम्प, क्रिता की इंकस्केप, समजून घ्या

हिंगोली : दसरा प्रदर्शन, औंढा नागनाथची यात्रा, लग्नसराई, सीझन आला की फ्लेक्स आणि पत्रिकांचे काम वाढते. पण दुकानातील फोटोशॉप ‘क्रॅक’ केलेले असेल तर? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून अशी कॉपी वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

कोणत्या कामाला काय?

- गिम्प : फोटो दुरुस्ती, बॅकग्राउंड काढणे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो.
- क्रिता : हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी. भरपूर ब्रश, छपाईच्या सीएमवायके रंगांत थेट काम.
- इंकस्केप : लोगो, अक्षरे, बॅनरची मांडणी. व्हेक्टर असल्याने डिझाइन कितीही मोठे केले तरी फाटत नाही.

तिन्ही ओपन सोर्स आहेत. व्यवसायासाठीही पैसे लागत नाहीत.

अडचण कुठे?

जुन्या पीएसडी आणि सीडीआर फाइल उघडतात, पण इफेक्ट आणि मांडणी बिघडू शकते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरांत दिसतो. तो एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. ‘मुक्ता’, ‘बलू’ हे युनिकोड फॉन्टही मोफत आहेत.

मग करायचे काय?

ऐन सीझनमध्ये बदल नको. आधी नवीन, छोटी कामे इंकस्केप-गिम्पवर करा, छपाईचा नमुना तपासा आणि मगच जुने काढा.