डुगडुगणारे कपाट आणि आट्याचे पाय



बियाणे, खते आणि फवारणी यांच्या गोष्टी आपण या पानावर नेहमीच करतो. आज जरा घरात शिरू या. आपल्या घरातल्या लोखंडी कपाटाला एका हाताने हलकेच ढकलून पाहा. डुगडुगते का? मग खाली वाकून पायाखाली काय सरकवले आहे तेही पाहा. कुठे फुटक्या कौलाचा तुकडा असतो, कुठे विटेची कपची, कुठे नारळाची करवंटी, तर कुठे मुलांची जुनी वही घडी घालून ठेवलेली असते. ठेवताना प्रत्येकजण म्हणतो, "सध्या राहू दे, मग बघू." ते 'मग' काही उगवत नाही.

एका वस्तीवर एका माउलीने मला विचारले होते, "साहेब, दिवाळीला सारखं करून बसवलेलं कपाट नागपंचमीला का डुगतंय? जमीन तर तीच आहे."

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर असे की, जमीन तीच राहत नाही.

घराखालची जमीन हलते

काळ्या भारी जमिनीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा! उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते. शेतात जे घडते तेच घराखालीही घडते. भिंतीकडेच्या मातीला ओल लवकर पोहोचते, मधल्या मातीला उशिरा. त्यामुळे सगळी भुई सारखी वर येत नाही. एक कोपरा उचलतो, दुसरा तसाच राहतो. पाया खोल नेऊन आत मुरूम नीट चोपला असेल तर हा त्रास कमी होतो. पण मातीवर नुसत्या फरशा मांडलेल्या असल्या की तो हमखास होतो.

याशिवाय नवा भराव खचतो, उंदीर-घुशी बिळे करतात, सारवणाचे थर कमीजास्त बसतात. फरशीलाही पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो.

म्हणून मे महिन्यात बसवलेली पाचर ऑगस्टमध्ये चुकते. जमीन हलणारी असेल तर पायाची उंची बदलता आली पाहिजे. आट्याच्या पायाचे सारे मर्म एवढेच.

चार पायांची अडचण

तीन पायांची तिवई खडबडीत अंगणातही डुगत नाही. तीन दगडांची चूलही कशीही मांडली तरी डुगत नाही. तीन टेकू असले की ते तिन्ही जमिनीला टेकतातच. चौथा पाय आला की तो टेकेलच याची खात्री नाही. चारपैकी एक पाय अधांतरी राहिला की वस्तू समोरासमोरच्या दोन पायांवर झुलते आणि जवळजवळ सारा भार त्या दोघांवर येतो.

याचे परिणाम हळूहळू दिसतात. कपाटाचे दार आपोआप उघडते, कुलूप जुळत नाही, पत्रा पिळवटतो. लाकडी पलंगाचे सांधे ढिले होतात. कोठीचे स्टँड वाकडे असेल तर कोठी पिळवटते, झाकण नीट बसत नाही आणि फटीतून दमट हवा व किडे आत शिरतात.

पण मुख्य धोका लहान मुलांना आहे. साधारण साडेसहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट घ्या. त्याच्या पुढच्या पायांखालची जमीन मागच्यापेक्षा फक्त १ सेंटिमीटर खाली असली, तर कपाटाचा माथा सुमारे ४ सेंटिमीटर पुढे झुकतो. अशा कपाटाचा खालचा खण ओढून त्यावर मूल चढले किंवा दाराला लोंबकळले, तर कपाट अंगावर यायला क्षण पुरत नाही. घरात रांगते-चालते मूल असेल तर हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

पाय कोणता घ्यावा?

आट्याचा पाय म्हणजे खाली चकती असलेला बोल्ट. तो फर्निचरच्या पायात बसवलेल्या नटात फिरतो. हार्डवेअरच्या दुकानात 'लेव्हलिंगचा बोल्ट' किंवा 'लेव्हलर' म्हणून मागा. घेताना चार गोष्टी पाहा.

१. बोल्टाची जाडी. टेबल-स्टुलाला ८ मिलिमीटर, कपाट-पलंगाला १० मिलिमीटर आणि कोठीच्या स्टँडला १२ मिलिमीटर किंवा अधिक.

२. भार. एकूण वजनाला चाराने भागून पाय घेऊ नका. वर पाहिले तसे कधीकधी दोनच पाय भार उचलतात. म्हणून प्रत्येक पाय एकूण वजनाच्या निम्मा भार पेलणारा हवा. तीन क्विंटल गहू आणि कोठी-स्टँडचे अर्धा क्विंटल धरले तर एकूण साडेतीन क्विंटल झाले. तेथे एकेक पाय पावणेदोन क्विंटल पेलणारा पाहिजे. बोल्ट सहसा दगा देत नाही. हलक्या प्लॅस्टिकची चकती आधी तडकते. कोठीला लोखंडी चकतीच घ्या. याहून मोठी कोठी असेल तर पायांच्या नादी न लागता विटांचा पक्का, सपाट ओटाच बांधावा.

३. चकती. शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर खाली रबर वा नायलॉन असलेली चकती चांगली. ती घसरत नाही आणि फरशीवर ओरखडेही उठत नाहीत. फरशीला उतार असेल तर सांध्यावर थोडी कलणारी चकती घ्या. ती उतारावरही पूर्ण टेकते.

४. गंज. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि मोरीजवळ साधे लोखंड टिकत नाही. तेथे स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घ्या. इतरत्र जस्ताचा मुलामा दिलेला चालेल.

मातीच्या जमिनीवर

सारवलेल्या भुईवर नुसती चकती ठेवू नका, ती रुतेल. लोखंडी धावेची बैलगाडी चिखलात रुतते आणि रुंद टायरची निघून जाते, ते आपण पाहतोच. इथेही तोच हिशोब आहे. अडीचशे किलोचे भरलेले कपाट धरा. एका पायावर साडेबासष्ट किलो आले. ५ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीखाली हा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या वर जातो. त्याच चकतीखाली १५ सेंटिमीटर लांब-रुंद शहाबादीचा तुकडा ठेवला तर दाब पाव किलोच्या जरा वर राहतो, म्हणजे अकरा पटींनी कमी. तुकडा ठेवण्यापूर्वी खालची माती चोपून घ्या.

लाकडी फर्निचरला याचा आणखी एक फायदा. सारवताना किंवा फरशी पुसताना लाकडाचे टोक ओल शोषते आणि कुजते. बोल्टामुळे लाकूड जमिनीपासून बोटभर वर राहते. वाळवी तेवढ्याने थांबत नाही, पण वर चढण्यासाठी तिला बोल्टावरून मातीची नळी बांधावी लागते. ती नळी आपल्याला दिसते आणि वेळीच बंदोबस्त करता येतो.

मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा त्या रिकाम्या करून, घासून पुन्हा भरा. नाहीतर मुंग्या थांबतील आणि डासांची पैदास होईल. बोल्टाला गंज लागू नये म्हणून वाटीत उलटी छोटी कुंडी किंवा दगड ठेवून त्यावर चकती टेकवावी.

बसवणे

लाकडी पाय निदान दीड इंच जाड असावा. सुताराकडून पायाच्या मधोमध, सरळ उभे छिद्र पाडून घ्या. तिरपे छिद्र म्हणजे तिरपा बोल्ट, आणि तिरपा बोल्ट भाराखाली वाकतो. छिद्रात लाकडात बसवायचा खास नट मिळतो तो बसवा. बाभळीचे लाकूड टणक असते. नटाच्या मापाचे छिद्र न पाडता ठोकाठोकी केली तर ते उभे चिरते.

चौकोनी पाइपाच्या पायाला आत घट्ट बसणारे, आटे असलेले बूच मिळते. हलक्या टेबलाला ते पुरे. जड वस्तूला वेल्डिंगवाल्याकडून पायाच्या तोंडाशी जाड पट्टी आणि तिला नट जोडून घ्या. पाइपावर जस्ताचा थर असेल तर तेवढा भाग आधी घासून काढायला सांगा आणि काम उघड्यावर करू द्या. जळत्या जस्ताचा धूर ताप आणतो.

प्रत्येक पायाला एक जादा नट घ्या. याला चेक नट म्हणतात. उंची ठरली की तो वर कसून टाकायचा, म्हणजे बोल्ट आपोआप फिरत नाही.

सारखे करणे

पाणसळ असेल तर उत्तम. नसेल तर गवंड्याची मागून आणा. कपाटाचा उभेपणा ओळंब्यानेही पाहता येतो. मग असे करा.

१. कपाट रिकामे करा. दोघांनी मिळून थोडे कलते करावे आणि तिसऱ्याने खाली लाकडी ठोकळे सरकवावेत. ठोकळ्याशिवाय कोणीही खाली हात घालू नये. मुलांना बाहेर पाठवावे.

२. जमिनीचा सर्वांत उंच कोपरा शोधा. त्या कोपऱ्यावरचा पाय पूर्ण आत घ्या. बाकीचे तीन त्याच्या पातळीला आणायचे आहेत.

३. आधी डावी-उजवी बाजू सारखी करा, मग पुढची-मागची. १० मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचा एक पूर्ण फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. एक बाजू ९ मिलिमीटर खाली असेल तर त्या बाजूच्या दोन्ही पायांना सहा-सहा फेरे. बोल्ट सैल करण्याच्या दिशेने फिरवला की पाय लांब होतो.

४. उंच कपाटाच्या पुढच्या पायांना दोन फेरे जास्त द्या. कपाट किंचित भिंतीकडे कलते राहील.

५. प्रत्येक चकतीखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. सहज आत-बाहेर होत असेल तर तो पाय भार घेत नाही. त्याला अर्धा फेरा द्या आणि चारही पाय पुन्हा तपासा.

६. चेक नट कसा. जड सामान खालच्या खणात, हलके वर ठेवा.

दोन मर्यादा पाळा. बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढी त्याची लांबी नटाच्या आट्यांत अडकलेली हवी; लाकडात त्याच्या दुप्पट. आणि उंच कपाटाचा बोल्ट इंचापेक्षा जास्त बाहेर काढू नका. त्याहून मोठा फरक असेल तर दोष जमिनीचा आहे. ती दुरुस्त करा.

एवढे करूनही उंच कपाट भिंतीला बांधायलाच हवे. आट्याचे पाय कपाट सरळ ठेवतात, पण ओढणाऱ्या मुलाला पुरे पडत नाहीत. वीट-सिमेंटच्या भिंतीला वरून दोन काटकोनी लोखंडी पट्ट्या स्क्रूने ठोका. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तेथे घराच्या खांबाला किंवा दोन खांबांमध्ये ठोकलेल्या आडव्या फळीला पट्टी जोडा.

विकतच्या यंत्रांचे पाय

कपडे धुण्याचे यंत्र आणि फ्रीज यांना असे पाय बहुधा आधीपासूनच असतात, पण आणल्या दिवसापासून ते कोणी फिरवत नाही. धुण्याचे यंत्र पिळताना चालायला लागले तर आधी पाय पाहा, मग मेकॅनिक बोलवा. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपोआप मिटते. घरगुती पिठाच्या गिरणीला चाके असतील तर दळताना ती अडवून ठेवा.

वर्षातून दोनदा

पोळ्याच्या सुमारास माती फुगलेली असते, होळीच्या सुमारास आकसलेली. या दोन सणांच्या आसपास कपाट, पलंग आणि कोठी ढकलून पाहा, कागदाची पट्टी फिरवा, लागेल तो अर्धा-एक फेरा द्या आणि आट्यांना ग्रीसचे बोट लावा. पान्हा घरातच एका खिळ्याला टांगून ठेवा. शोधावा लागला की काम राहते. कोठी मात्र भरलेली असताना फिरवू नका. धान्य काढून झाल्यावर, नवे भरण्यापूर्वी तिचे पाय सारखे करा.

या आठवड्यात एवढेच करा: घरातले सर्वांत उंच कपाट आधी घ्या आणि त्याच्या पायाखालची कपची काढून टाका. पुढच्या लेखात धान्याला ऊन देऊन कोठी कशी भरावी ते पाहू.

आपला,
विस्तार अधिकारी