नटाचा आवाज

उपजीविका अभिनयावर असलेल्या माणसाने बातमी सांगितली, तर ती खरी कोणी मानावी? स्वीडनमधील ओल्ले ब्यर्कलुंड यांची हकीकत वाचताना हा प्रश्न आमच्या मनात आला.

ब्यर्कलुंड यांचा जन्म 1916 चा, पेशा नटाचा. स्वीडनमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित कार्यक्रम 1956 साली सुरू झाले. 1958 च्या उन्हाळ्यात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा त्याच देशात भरली व ती पाहण्यासाठी पुष्कळ घरांत यंत्रे आली. लगेच सप्टेंबरात 'अक्तुएल्त' हे वार्तापत्र निघाले आणि त्याचे पहिले निवेदक ब्यर्कलुंड झाले.

दुसरी वाहिनी 1969 च्या डिसेंबरपर्यंत नव्हतीच. बातमी सांगताना सर्व देशाला हा चेहरा दिसे. लोक त्यांना 'अक्तुएल्त-ओल्ले' म्हणू लागले. नटाचे नाव मागे पडले, बातमीचे राहिले.

आणि येथे तर अभिनय करावयाचाच नव्हता! रंगमंचावर शोकाच्या वाक्याला कंप देणे ही कला. बातमीत तोच कंप आला की श्रोता बातमी सोडून निवेदकाकडे पाहू लागतो. लोकांसमोर उभे राहून दुसऱ्याचे शब्द वाचण्याचे काम आम्हांलाही करावे लागते. आपला आवाज ऐकत राहण्याचा मोह किती चिवट, हे आम्ही जाणतो.

ब्यर्कलुंड 1981 साली वारले. 'अक्तुएल्त' अद्याप चालू आहे. मात्र निवेदकाच्या आसनावर आता पत्रकार बसतात.