चुका मारणारी माणसं

सुताराच्या भाषेत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्या महात्म्याला माझा साष्टांग नमस्कार. "साहेब, या पट्टीला चार चुका मारून देतो," असं सुतार उघड उघड, दिवसाढवळ्या सांगतो, आणि आपण मान डोलावून त्याला चहा पाजतो. पाच वर्षांनी पट्टी मागची वायर जळते, पट्टी काढावी लागते, आणि कटावणी घातल्यावर ती मधोमध फाटते. मग त्या चारही चुका आपल्या लक्षात येतात. तोवर सुतार पुण्याला गेलेला असतो.

तर मी खिळ्याच्या विरुद्ध आहे. सगळ्याच खिळ्यांच्या नव्हे. बैलाच्या नालेला खिळा हवा, चपलेच्या टाचेला हवा, खोक्यालाही हवा. कारण खोकं एकदाच उघडायचं असतं आणि तेही फोडूनच. माझं भांडण आहे ते जिथे माणसं बसतात, झोपतात अशा जागेच्या आतल्या फळ्यांवर खिळे ठोकणाऱ्यांशी. आणि ती जागा चाकांवर असेल, तर मग भांडण नाही, युद्धच.

हे युद्ध सध्या जळगावात आमच्या अंगणात चालू आहे. माझ्या सासऱ्यांनी 1968 साली धुळ्यात जीपमागे ओढायचा एक डबा बांधून घेतला होता. ते डॉक्टर. साक्री, शिरपूरकडच्या गावांतून बाजाराच्या दिवशी हा डबा उभा राहायचा. आत एक बाक, एक कपाट, एक दिवा, आणि चारी बाजूंनी अर्धा इंच जाडीच्या सागाच्या फळ्या. सांगाडा बाभळीचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. सासरे गेले, डबा गोठ्याशेजारी उभा राहिला, कोंबड्यांनी त्यात दोन-तीन पिढ्या वाढवल्या. आता माझ्या मेव्हण्याला त्यातून तोरणमाळला जायचं आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे चाक फिरतं आहे.

इथवर माझी हरकत नव्हती. पण फळ्या परत बसवायची वेळ आली आणि मेव्हण्याने कॉम्प्रेसरवर चालणारी पिनांची बंदूक भाड्याने आणली. सोबत पांढऱ्या डिंकाचा पाच किलोचा डबा.

"कसाले इतला तरास, भाऊ?" आमचे मिस्तरी मला म्हणाले. "डिंक लाई देऊत, खिया ठोकी देऊत. दोन तासमा काम व्हई जाई."

अहिराणीत खिळ्याचा 'खिया' होतो. ऐकायला मऊ वाटतो, पण लाकडाला तितकाच लागतो.

दोन तासांत काम होईल हे मला मान्यच आहे. प्रश्न पुढच्या मे महिन्याचा आहे. जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि मग जुलैत हवा ओल्या फडक्यासारखी होते. लाकूड या दोन महिन्यांत गप्प बसत नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत आक्रसतं आणि फुगतं. साग त्यातल्या त्यात समजूतदार, तरी हलतोच. फळी डिंकाने चिकटवून टाकली, तर तिला हलायला जागा राहत नाही. मग ती स्वतःच चिरते. नुसते खिळे मारले तर ते फळीबरोबर मागेपुढे होतात. खिळा लाकडात टिकतो तो निव्वळ घासटून. बाभूळ वाळली की त्याची पकड सुटते आणि तो डोकं बाहेर काढून बघायला लागतो.

त्यात आमचे रस्ते. पूर्वीचा 6 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आता 53 नंबरचा झाला आहे. पण त्याला लागून गावात शिरणाऱ्या रस्त्यांना नंबर नाही, त्यामुळे खड्ड्यांना काही कळवायची सोय नाही. अशा रस्त्यावर घर उभं हादरत नसतं, डबा मात्र प्रत्येक वळणाला सगळ्या सांध्यांतून पिळतो. घरातला खिळा आणि गाडीतला खिळा यांत नोकरदार आणि फिरता विक्रेता एवढा फरक आहे.

स्क्रूला आपल्याकडे 'मळसूत्र' असा सुरेख शब्द आहे. मंगळसूत्र आणि मळसूत्र दोन्ही बांधून ठेवतात. फरक इतकाच की दुसरं उलटं फिरवता येतं. (हे वाक्य सौ. नी वाचलं आहे. पुढे जाऊ.) मळसूत्राचे आटे लाकडाच्या रेषांत जाऊन बसतात, म्हणून ते सरळ ओढून निघत नाही, आणि निघायला हवं तेव्हा मुकाट निघतं. हा गुण माणसात असता तर सरकारी समित्या वेळेवर बरखास्त झाल्या असत्या.

आणि हा काही क्षुल्लक माल नव्हे. इंग्लंडचा जोसेफ चेंबरलेन, जो 1895 ते 1903 या काळात ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री होता, त्याने राजकारणात येण्याआधी पैसा केला तो बर्मिंगहॅमच्या स्क्रूंच्या कारखान्यात. साम्राज्यं बंदुकीने मिळवली असतील. पण त्यातली कपाटं कशी बंद राहिली, याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

मेव्हण्याचा मुख्य आक्षेप: "दाजी, स्क्रूची डोकी दिसतात."

दिसू देत की! सदऱ्याची बटणं दिसतात म्हणून कुणी सदरा अंगावर शिवून घेत नाही. पितळी, गोलसर डोक्याचा, एका खाचेचा स्क्रू, खाली पितळेची छोटी वाटी, आणि सगळ्यांच्या खाचा एका रेषेत उभ्या: यासारखी लाकडाला शोभा नाही. फुली-डोक्याचा स्क्रू मला इथे नको. 1936 साली अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना त्याची पेटंटं मिळाली, मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलला, झटपट जुळणीला तो उत्तमच आहे. पण त्या फुलीत पॉलिश जाऊन बसलं की दहा वर्षांनी पाना नुसता गरगरतो. एक खाच असेल तर खिशातल्या टोकाने खरवडता येते. आणि हल्ली बाजारात मिळणारे ते काळे, बारीक स्क्रू? ते जिप्समच्या पाट्यांसाठी केलेले असतात. कडक असतात पण ठिसूळ. वाकायच्या ऐवजी तुटतात, आणि अर्धा लाकडातच राहतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. पितळ लोखंडापेक्षा महाग आहेच. पण साधं लोखंड बाभळीत घालून पाहा. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस उकळून शाई करीत; लाकडातला तुरट रस आणि लोखंडाचा गंज पावसाळ्यात भेटले की तोच उद्योग आपल्या सांगाड्यात सुरू होतो. प्रत्येक खिळ्याभोवती एक काळा डाग. बाभळीत जास्त, सागात कमी. एकच पथ्य पाळायचं: पितळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात जाऊ द्यायचं नाही. ओल लागली की या दोघांचं पटत नाही, आणि कुरतडला जातो तो पत्रा. म्हणून स्क्रू लाकडी फासळीतच संपला पाहिजे. फळी अर्धा इंच, फासळीत पाऊण इंच, म्हणजे सव्वा इंची, 6 नंबर.

वेळ लागतो, हे कबूल. फळीतलं भोक स्क्रूपेक्षा जरा सैल ठेवायचं, म्हणजे फळीला श्वास घेता येतो. फासळीत मात्र गिरमिटाने बारीक भोक. पितळ मऊ, बाभूळ टणक. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट करायची, तो काढायचा, मग पितळी स्क्रूला साबण लावून हाताने बसवायचा. शेवटचा अर्धा फेरा बॅटरीच्या मशीनने दिला तर डोकं तुटून हातात येतं. यात ठोकणं कुठेच नाही. हात शिवशिवत असतील, तर खानदेशात त्यासाठी भरताचं वांगं आहे. भाजून खुशाल ठेचावं.

आणि आता पुरावा. जुन्या फळ्या काढताना 1968 चे पितळी स्क्रू फिरले. सगळे नव्हेत, पण दहातले आठ-नऊ फिरले, आणि फळ्या अख्ख्या हातात आल्या. दाराजवळच्या तीन फळ्या मध्ये कधीतरी कुणीतरी दुरुस्त केल्या होत्या. त्या तीन इंची खिळ्यांनी. त्या तिन्ही फाटल्या. त्यांतल्या एकीवर पेशंटांची उंची मोजायच्या खुणा होत्या. बायको ते दोन तुकडे बराच वेळ जुळवून बघत होती. अख्ख्या निघालेल्या फळ्यांच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'उजवी 1', 'उजवी 2', 'खिडकीखाली', 'दाराकडून 4'. धुळ्याच्या त्या सुताराचं नाव कुठेच नव्हतं. पण फळी कुठली, हे पुढे उघडणाऱ्याला कळावं म्हणून तो बेटा आकडे घालत बसला होता; आणि पुढे कुणी उघडणार हे त्याने त्याच वेळी धरलं होतं. खिळे ठोकणारा फळीच्या मागे कधी काही लिहीत नाही. कुणासाठी लिहिणार?

मिस्तरींनी 'दाराकडून 4' ची फळी उलटसुलट केली. "हाऊ मानूस सुतार व्हता," ते म्हणाले, आणि पिनांची बंदूक स्वतःच नेऊन मेव्हण्याच्या गाडीत ठेवली.

भिंतीच्या फळ्या त्यानंतर चार दिवसांत लागल्या. छताचं अजून अडलं आहे. मेव्हणा म्हणतो, वर कोण बघतंय, तिथे तरी पिना मारू. मिस्तरी ऐकत नाहीत. छताची फळी लोंबते, तिचं सगळं वजन स्क्रू ओढून काढायच्या दिशेलाच पडतं, त्यामुळे त्यांना तिथे 8 नंबर, दीड इंची हवेत, आणि पितळीच हवेत. जळगावात दोन दुकानं पालथी घातली, तेवढा माल मिळाला नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने मेव्हण्यालाच धुळ्याला पाठवतो आहोत.