‘सडपातळ’ हवी!

मोठ्या तलावाच्या काठी पहाटे फिरावयास जाणाऱ्या भोपाळकरांत आम्हीही असतो. वजन उतरावे, गुडघ्यांवरील भार हलका व्हावा, मधुमेह दूर राहावा, एवढीच इच्छा. या इच्छेत स्थूल माणसांविषयी अनादर दडलेला आहे काय, असे परवा नातीने विचारले. ‘छे!’ असे आम्ही म्हणालो खरे, पण मन स्वस्थ होईना.

उमादेवी आठवल्या. १९४७ सालच्या ‘दर्द’ चित्रपटातील त्यांच्या स्वराने रसिकांना मोहिनी घातली होती. १९५० च्या ‘बाबुल’पासून त्याच उमादेवी ‘टुणटुण’ झाल्या. पडद्यावर त्या दिसताच प्रेक्षक हसू लागत. आम्हीही हसलो आणि एका स्थूल वर्गभगिनीला तेच नाव बहाल केले. पुढे स्नेहसंमेलनात तिने गाणेच सोडले.

स्वतःच्या देहाविषयी इच्छा बाळगणे हा दोष नव्हे; त्याच मापाने दुसऱ्याची योग्यता ठरविणे हा मात्र खासच. नातवाच्या स्थळासाठीच्या मजकुरात ‘सडपातळ’ हा शब्द आम्हीच घातला होता, आणि तो काही मुलीच्या आरोग्याच्या काळजीने नव्हे. काल तो खोडला. वाचकांनीही आपापला मजकूर एकवार पाहावा, ही विनंती.