टाके आणि टीका

गोधडी शिवायला घेतली, की घरात माणसे जितकी, सल्ले तितके! गेल्या हिवाळ्यात मी जुन्या धोतरांचे थर अंथरून धावदोरा घालीत बसले होते, तोच वन्सं आल्या.

"अहो वहिनी, हिरव्याशेजारी जांभळे? कसे भडक दिसते! आणि काठाला हा कोरा मांजरपाट? त्यापेक्षा विकतचे ब्लँकेट आणायचे!"

मला राग आला. दोन दिवस सुईला हात लावला नाही. मग वाटले, बोलणेही कापडासारखे निवडून घ्यावे.

मांजरपाटाचे त्यांचे म्हणणे खरेच होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, वापरातले जुने कापड तितके आटत नाही. मग शिवणीला चुण्या पडतात. मुकाट्याने काठ उसवला, रात्रभर भिजत घातला, धुऊन वाळवला आणि पुन्हा लावला.

रंग मात्र बदलले नाहीत. पुढच्या खेपेला वन्संना सांगितले, "हिरवा तुकडा तुमच्या आईच्या लुगड्याचा, जांभळा माझ्या आईच्या. हयातीत दोघी विहिणींचे फारसे जमले नाही; निदान इथे तरी शेजारी बसू देत!"

वन्सं काही बोलल्या नाहीत. हिरव्या तुकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुई द्या इकडे. हा कोपरा मी भरते."

तेव्हा भगिनींनो, टीका टिकाऊपणाची असेल तर जरूर ऐकावी; आवडीची असेल तर हसून सोडावी. आणि जमल्यास टीकाकाराच्या हाती सुई द्यावी!